व्हीपीएन राउटिंग

घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरताना कुठला ट्रॅफिक (नेटवरची ये-जा) टनेलमधून, म्हणजे व्हीपीएनने इंटरनेटवरून ऑफिसपर्यंत काढलेल्या बंदिस्त वाटेतून, न्यायचा आणि कुठला थेट घरच्या नेटवरून सोडायचा, हे ठरवणं म्हणजे व्हीपीएन राउटिंग. कोकणात हा विषय २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोचला, मुंबई-पुण्याची मंडळी लॅपटॉप घेऊन गावी आली आणि पडवीत बसून कामं करायला लागली.

सगळा ट्रॅफिक टनेलमधून नेला तर त्याला फुल टनेल म्हणतात (रूट ०.०.०.०/०, म्हणजे सगळे पत्ते). मग देवगडहून यूट्यूब लावलं तरी ते आधी मुंबईच्या ऑफिसात जाऊन परत येतं, आणि पावसात लाईट गेली की मोबाईल हॉटस्पॉटवर हे अजिबात झेपत नाही. फक्त ऑफिसचे सबनेट (तिथल्या पत्त्यांचे गट) टनेलमध्ये टाकले की झालं स्प्लिट टनेल. आपल्याकडच्या नेटला हेच बरं, पण बाकीचा ट्रॅफिक ऑफिसच्या फायरवॉलबाहेर (सुरक्षेच्या चाळणीबाहेर) राहतो हे मान्य करूनच.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो पत्त्यांचा गोंधळ. खाजगी पत्त्यांचे (घरात-ऑफिसात आतल्या आत वापरायच्या आयपी पत्त्यांचे) तीन गट १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजात ठरलेत, १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६, तरी जो तो १९२.१६८.१.० वरच बसतो. माझ्या मावसभावाचं तेच झालं, ऑफिसचा सर्व्हर १९२.१६८.१.१० आणि घरचा राउटरही त्याच रेंजचा, व्हीपीएन कनेक्टेड दिसतंय, पिंगला (समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते बघायच्या हाकेला) उत्तर येतंय पण फाईल काय उघडेना, शेवटी कळलं की उत्तर देतोय तो माजघरातला टीव्ही! लॅपटॉपला तो पत्ता घरातलाच वाटत होता. जास्त नेमका रूट आधी धरला जातो, म्हणून त्या एका सर्व्हरसाठी /३२ रूट (फक्त त्या एकाच पत्त्याचा) टनेलमधून टाकला की तात्पुरतं भागतं (तेवढा वेळ टीव्ही लॅपटॉपवरून दिसत नाही), पण खरा उपाय ऑफिसची रेंज बदलणं, १०.४७.२०.० वगैरे काहीतरी, आणि ते ऑफिसनेच करायला हवं, गावाकडच्या माणसाला राउटर बदलायला लावणं बरोबर नाही.

परतीचा रूटही लागतो. व्हीपीएनवाल्यांना दिलेली रेंज ऑफिसच्या राउटरला माहीत नसेल तर पॅकेट (डेटाचा तुकडा) जातं पण उत्तर परत येत नाही. तिथे रूट टाका, नाहीतर व्हीपीएन सर्व्हरवर नॅट करा, म्हणजे पॅकेटवर त्या सर्व्हरचाच पत्ता लागतो. ऑफिसमधली नावं उघडायला तिथला डीएनएसही (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) द्यावा लागतो.

पिंग चालतंय पण मोठी पानं अडकतायत असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, बाइटमध्ये) बघायचा, वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरमध्ये साधारण १४२० असतो, हॉटस्पॉटवर १२८० करून बघावा. आणि टनेल थोड्या वेळाने गपगार होत असेल तर कीपअलाईव्ह (टनेल जागं ठेवायला ठरावीक वेळाने जाणारं छोटं पॅकेट) २५ सेकंद ठेवायचा.