ट्रेमोलो आणि सूर: कॉफमनपासून फ्लॉइड रोझपर्यंत

गिटारच्या ट्रेमोलोचा, म्हणजे सूर खालीवर हलवणाऱ्या यंत्रणेचा, दांडा दाबला की तारा सैल पडतात आणि सूर उतरतो. दांडा सोडल्यावर तो जागेवर यायला हवा, पण बऱ्याचदा किंचित चढलेलाच राहतो. दोष बहुधा नटचा असतो, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्याच्या खाचांतून खुंट्यांकडे जातात त्या तुकड्याचा. ताण कमी झाल्यावर तार खाचेतून खुंटीकडे सरकते आणि ताण परतला तरी तिथेच अडकते.

डॉक कॉफमन यांनी घडवलेल्या व्हायब्रोला या सुरुवातीच्या ट्रेमोलोचं दुखणंही सुरात न राहण्याचंच होतं. गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांनी आपल्या गिटारवरचा व्हायब्रोला कारागीर पॉल बिग्सबींकडे नेला आणि त्यांनी नवी यंत्रणाच घडवली: ओतीव ॲल्युमिनियमचा सांगाडा, तारा गुंडाळलेला फिरता दांडा आणि एकच जाड स्प्रिंग. हलक्या थरथरीला ती आजही सुरेख आहे. खोल दाब मात्र तिला झेपत नाही.

1954 च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये लिओ फेंडर यांनी ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा टेकतात तो भाग) आणि त्याखालचा पोलादी ठोकळा एकत्र हलता केला. पुढे 6 स्क्रू, पाठीमागच्या खोबणीत 5 पर्यंत स्प्रिंगा. तारा ठोकळ्यातूनच जात असल्यामुळे त्याच्या वजनाचा नादावर परिणाम होतो. 1970 च्या दशकात फेंडरने तिथे ओतीव मिश्रधातू आणला. जुन्या पोलादी ठोकळ्याचा नाद अधिक भरीव, असं आमचं ठाम मत आहे. नटवरचं घर्षण मात्र तसंच राहिलं. त्यासाठी खाच तारेच्या जाडीला नेमकी बसेल अशी घासायची आणि पेन्सिलीचं शिसं लावायचं, हा उपाय आजही चालतो.

गिटारवादक फ्लॉइड रोझ यांनी तार सरकूच दिली नाही. नट आणि ब्रिज दोन्हीकडे ती स्क्रूने आवळली. 1979 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. सुरुवातीला वापरलेलं पितळ झिजतं म्हणून त्याजागी कडक केलेलं पोलाद आलं. नट आवळला की खुंट्या निरुपयोगी होतात, म्हणून पुढे ब्रिजवर सूर बारीक जुळवणारे ट्यूनर आले.

तारा बदलताना ते ट्यूनर मधोमध ठेवावेत, तारा हाताने ताणून पुन्हा पुन्हा सुरात आणाव्यात आणि मगच नट आवळावा. नटमागची पट्टी तारांना पुरेशी खाली दाबत नसेल, तर आवळताना सूर चढतो. आणि ब्रिज तरंगता, म्हणजे तारा आणि स्प्रिंगांच्या ताणावर तोललेला, असल्यामुळे एक तार तुटली की स्प्रिंगा त्याला मागे ओढतात आणि उरलेल्या पाचही तारांचा सूर चढतो.