स्वमग्न मुख्य पात्रांच्या कोरियन मालिका

ऑटिझम असलेलं, म्हणजे स्वमग्न पात्र मध्यभागी ठेवून दक्षिण कोरियात बनलेल्या टीव्ही मालिका. गट तसा छोटाच, पण नेटफ्लिक्समुळे लांबवर पोचलेला. कोरियन भाषेत ऑटिझमला 'जाप्ये' म्हणतात, मूळ चिनी अक्षरांप्रमाणे अर्थ 'स्वतःला बंद करून घेणं'. आपला 'स्वमग्न' त्याच्या जवळचाच, फक्त जरा मवाळ. दोन्ही शब्द बाहेरून बघणाऱ्याचे आहेत, आणि या मालिका दार आतून कसं दिसतं ते दाखवतात.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. सहसा केबीएस २ वरच्या 'गुड डॉक्टर' (२०१३) पासून मोजतात, त्यात चू वोन या नटाने लहान मुलांच्या सर्जरीतला स्वमग्न रेसिडेंट डॉक्टर केलाय. पण असा मुलगा हिरो असू शकतो हे कोरियन प्रेक्षकाला आधीच २००५ च्या 'मालातोन' सिनेमाने पटवलं होतं, मॅरेथॉन धावणारा पोरगा आणि त्याच्यासाठी जिवाचं रान करणारी आई, ५० लाखांवर लोकांनी थिएटरात जाऊन बघितला तो. काही जण मूळ जपानमध्ये शोधतात, कारण फुजी टीव्हीवर २००६ मध्येच प्राणिसंग्रहालयात काम करणाऱ्या स्वमग्न तरुणाची मालिका येऊन गेली होती. तारखा बघितल्या तर बरोबर, पण नुसतं आधी येण्याने मूळ ठरत नाही आणि कोरियातलाच धागा जास्त सरळ लागतो. २०१९ च्या 'इनोसंट विटनेस' सिनेमातली स्वमग्न शाळकरी मुलगी म्हणते की ऑटिझममुळे मला वकील होता येणार नाही, पण साक्षीदार तर होता येईल ना. तीच लेखिका, मून जी-वोन, हिने २०२२ मध्ये 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू' लिहिली आणि नायिकेला वकील करूनच टाकलं. ईएनए नावाच्या छोट्या केबल चॅनेलवर पहिला भाग १ टक्क्यालाही पोचला नाही, १८ ऑगस्टच्या शेवटच्या भागाला १७.५ टक्के रेटिंग होतं.

हे सगळं ज्या समाजात घडलं तिथे ऑटिझम बराच काळ लपवायची गोष्ट होती. मानववंशशास्त्रज्ञ रॉय रिचर्ड ग्रिंकर यांनी नोंदवलंय की कोरियन माता ऑटिझमपेक्षा 'आईशी नातं नीट न जुळल्यामुळे झालेला आजार' हे निदान पत्करायच्या, म्हणजे दोष आईवर जातो पण रक्तावर येत नाही आणि भावंडांची लग्नं अडत नाहीत. आपल्याकडे हे समजावून सांगायला नको. २०११ मध्ये ईल्सान भागातल्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा मोठा अभ्यास छापून आला, प्रमाण निघालं २.६४ टक्के, आणि त्यातली जवळपास दोन-तृतीयांश मुलं साध्या शाळांमध्ये कुठल्याही निदानाशिवाय बसलेली होती.

आकर्षणाचं कारण बरेच जण पात्राच्या अफाट बुद्धीत बघतात, पाठ असलेले कायदे, डोळ्यासमोर उभं राहणारं शरीरशास्त्र वगैरे. ते खरं आहे, पण तेवढ्यावर माणूस सोळा भाग बसत नाही. जास्त पटतं ते असं, की या मालिका छोट्या सवयींना पूर्ण वेळ देतात. वकील वू यंग-वू रोज किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल, खाते कारण त्यात काय काय घातलंय ते कापातच दिसतं, चवीला धक्का बसत नाही. खोलीत शिरण्याआधी बोटांवर तीन मोजते. ऑफिसच्या फिरत्या दारात ती अडकते तेव्हा ऑफिसातला सहकारी जून-हो तिला वॉल्ट्झ नाचाच्या तालावर पाऊल टाकायला शिकवतो, आणि कॅमेरा घाई करत नाही. नाव सांगताना सरळ-उलट सारखे वाचले जाणारे शब्द म्हणते, त्यात 'इन्दोइन' पण आहे, म्हणजे भारतीय माणूस! 'मूव्ह टू हेवन' (२०२१) मधला स्वमग्न तरुण गू-रू मेलेल्या माणसाची खोली आवरण्याआधी त्याचं नाव घेऊन सांगतो की आता तुमचं शेवटचं घर हलवणं सुरू करतोय, मग मागे राहिलेल्या मोजक्या वस्तू पिवळ्या खोक्यात ठेवतो. असं नीट, हळू केलेलं काम बघताना घशाशी येतं.

टीका मुख्यतः पालकांकडून आली, ज्यांची मुलं बोलतच नाहीत त्यांना वू परकी वाटली. 'वू'च्या तिसऱ्या भागात जेमतेम बोलणारा स्वमग्न आरोपी आणून मालिकेने हा प्रश्न स्वतःच घेतलाय. वरच्या तिन्ही मालिकांत मुख्य भूमिका स्वमग्न नसलेल्या नटांच्याच आहेत. 'अवर ब्लूज' (२०२२) मध्ये डाउन सिंड्रोमच्या पात्रासाठी डाउन सिंड्रोम असलेली चंग उन-हे घेतली होती, ती वाट ऑटिझमच्या बाबतीतही घ्यायला हवी.

'गुड डॉक्टर'ची अमेरिकन आवृत्ती २०१७ ते २०२४, सात सीझन, जपानी २०१८, तुर्की २०१९.