अस्थिव्यंगोपचारातील निवासी प्रशिक्षण

हाडे, सांधे, स्नायुबंध आणि मणका यांच्या दुखापतींवर व विकारांवर उपचार करणारा शल्यविशारद घडवण्याची, अध्यापन रुग्णालयात चालणारी पद्धत. वैद्यकीय पदवीनंतरचे हे शिक्षण भारतात ३ वर्षांचे, तर अमेरिकेत ५ वर्षांचे असते. जबाबदारी टप्प्याटप्प्याने वाढवत नेणारी निवासी पद्धत अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९ पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुजवली.

शिकण्याची सुरुवात बहुधा प्लास्टरपासून होते आणि ते सोपे काम मुळीच नाही. मोडलेले मनगट ओढून जागेवर बसवायचे, ओले प्लास्टर बोटांनी न दाबता तळव्यांनी पेलायचे. बोटांचे खळगे उमटले तर तिथे आतून कातडीला जखम होते. प्लास्टर झाल्यावर बोटे हलतात का, नखाखालचा रंग परततो का, हे पुन्हापुन्हा पाहावे लागते. मोडलेल्या पोटरीत किंवा हातात स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढू लागला, तर रुग्ण दुखापतीच्या मानाने फारच कळवळतो आणि बोटे हलकेच ताणली तरी कळ असह्य होते. अशा वेळी नाडी लागते म्हणून निश्चिंत राहणे घातक ठरते. काही तासांत शस्त्रक्रियेने कप्पा उघडला नाही, तर स्नायू मरतात. रात्रपाळीतल्या कनिष्ठ निवासी डॉक्टरला सर्वांत आधी शिकवायला हवे ते हेच.

शस्त्रक्रिया आधी पाहून, मग मदतनीस म्हणून, मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली स्वतः करून शिकतात. प्लेट-स्क्रूचा सराव कृत्रिम हाडांवर होतो. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या ‘ए.ओ.’ या अस्थिशल्यविशारदांच्या गटाने १९६० पासून तिथल्या दावोसला प्लेट-स्क्रूच्या सरावाचे वर्ग भरवले. ड्रिलने हाडाचा पलीकडचा थर भेदताच हात थांबला पाहिजे, कारण मागे रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू असू शकतो. हा अंदाज पुस्तकातून येत नाही.

शस्त्रक्रिया कधी करू नये, हे शिकणे त्याहून अवघड. लहान मुलांचे किंचित वाकडे जुळलेले हाड वाढीबरोबर बरेचसे सरळ होते. म्हणून सकाळच्या बैठकीत रात्रीचे एक्स-रे लावून निवासी डॉक्टरला ‘काय केले’ याबरोबर ‘का केले’ हेही विचारतात.

नोंदवही, प्रबंध आणि तोंडी परीक्षा यांवर मूल्यमापन होते. मात्र मांडीचे हाड जुळायला काही महिने लागतात आणि तोवर निवासी डॉक्टर दुसऱ्या युनिटला गेलेला असतो. आपण बसवलेल्या रॉडवर रुग्ण नीट चालू लागला का, हे त्याला बाह्यरुग्ण विभागात मुद्दाम जाऊनच पाहावे लागते.