बदल आधी, बातमी नंतर

रात्री चार्जिंगला लावलेला मोबाइल सकाळी हातात घ्यावा, तर कधी कधी तो कालचा राहिलेला नसतो. कॅमेऱ्याचं बटण भलतीकडेच गेलेलं असतं, अक्षरं जरा जाड झालेली असतात, एका टिचकीत होणाऱ्या कामाला आता तीन टिचक्या लागतात. हे कोणी केलं आणि का केलं, याची चिठ्ठी कुठेतरी असतेच. फक्त ती कोणी आपल्या हातात दिलेली नसते. संगणकाच्या इतिहासात ही स्थिती अलीकडची आहे. बरीच वर्षं बदल आणि बदलाची बातमी एकाच पाकिटातून येत होती.

घरगुती संगणकाचा जन्म व्हायच्या आधीच त्याच्याविषयीची वार्तापत्रं जन्माला आली होती. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर १९७२ मध्ये ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ या नावाचं एक पत्रक निघू लागलं. संगणक ही सरकारची आणि बड्या कंपन्यांची मालमत्ता न राहता सामान्य माणसाच्या हाती यावी, हा त्याचा सरळ हेतू होता. सप्टेंबर १९७५ मध्ये ‘बाइट’ मासिक सुरू झालं. अशा नियतकालिकांत अख्खे प्रोग्रॅम छापलेले असत. वाचकाने मासिक मांडीवर घ्यायचं आणि ओळी एकेक करून यंत्रात भरायच्या. छपाईत चूक राहिली तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र येई आणि वाचक ती ओळ स्वतःच्या हाताने दुरुस्त करी. म्हणजे यंत्रातला प्रत्येक बदल वापरणाऱ्याच्या बोटांतून जात होता. काय बदललं हे त्याला वेगळं सांगावंच लागत नव्हतं. अर्थात ही मंडळी हौशी होती, आणि थोडी होती.

लोकांना मोठ्या प्रमाणावर शिकवण्याचा पहिला लक्षणीय प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. जानेवारी १९८२ मध्ये बीबीसीने संगणकाची ओळख करून देणारी दहा भागांची मालिका दाखवायला सुरुवात केली. मालिकेला जोडून ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणकही बाजारात आणला. १२,००० विकले जातील असा अंदाज होता. अखेरीस १५ लाखांच्या घरात विकले गेले. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या नभोवाणीवर एक गंमत चालू होती. संगणकाचे प्रोग्रॅम ध्वनीच्या रूपात प्रसारित होत, घरोघरी लोक ती किरकिर कॅसेटवर टेप करून घेत आणि मग संगणकाला ऐकवत. माहिती आणि माल दोन्ही एकाच रेडिओतून. आजच्या वायरलेस अपडेटचा हा आद्य पूर्वज म्हणायला हरकत नाही, फरक इतकाच की इथे टेपचं बटण दाबायला माणूस जागा असावा लागे.

पुढे सॉफ्टवेअर खोक्यातून मिळू लागलं. नवी आवृत्ती हवी असेल तर दुकानात जायचं, पैसे मोजायचे, खोकं आणायचं. आत फ्लॉपी असत आणि विटेएवढी जाड माहितीपुस्तिका असे. पुस्तिका छापून झाल्यावर ज्या गोष्टी लक्षात आल्या त्या ‘रीडमी’ नावाच्या फाइलमध्ये टाकलेल्या असत. ही प्रथा सत्तरच्या दशकातल्या मोठ्या यंत्रांपासूनची. ‘मला वाचा’ हे नाव म्हणजे विनवणीच आहे. लोक वाचत असते तर असं नाव ठेवायची वेळ आली नसती. तरी या व्यवस्थेत एक सोय होती. बदल घरात कधी आणायचा हे घरधनी ठरवत होता आणि तो आणताना निदान खोक्याची मागची बाजू तरी वाचत होता.

ही घडी विस्कटण्याची पहिली चुणूक घरगुती संगणकांत नव्हे, विद्यापीठांच्या जाळ्यात दिसली. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री रॉबर्ट मॉरिस या पदवीनंतरचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपणहून पसरणारा प्रोग्रॅम, यंत्रांमागून यंत्रं जाम करत सुटला. तेव्हा इंटरनेटला जेमतेम ६०,००० यंत्रं जोडलेली होती. त्यांतली ६,००० बाधित झाली असा अंदाज त्या वेळी केला गेला. या प्रकरणातली एक गोष्ट मला आपल्या विषयासाठी सगळ्यांत बोलकी वाटते. मॉरिसच्या एका मित्राने त्याच रात्री निनावी इशारा पाठवला होता. त्यात क्षमायाचना होती आणि बचाव कसा करावा हेही होतं. पण जाळंच तुंबलेलं, बऱ्याच संस्थांनी भीतीने आपली जोडणी तोडलेली. तो निरोप उपयोगाच्या वेळेत पोचलाच नाही. त्याच महिन्यात अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे समन्वय केंद्र उभं राहिलं. धोक्याची बातमी देणं हे कोणाचं तरी नेमलेलं काम असावं लागतं, ही जाणीव तिथून पक्की झाली. पण या केंद्राची पत्रकं यंत्र सांभाळणाऱ्या तज्ज्ञांसाठी होती. घरात बसलेल्या माणसाचा पत्ता अजून कोणाच्या यादीत नव्हता.

तो पत्ता दहा वर्षांनी यादीत आला, आणि तोही एका तारखेमुळे. वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवणाऱ्या प्रोग्रॅमना २००० साल म्हणजे १९०० वाटेल, या भीतीने जगभर मोहीम निघाली. कंपन्या मात्र तोंड उघडायला घाबरत होत्या, कारण ‘आमचं यंत्र तयार आहे’ असं सांगितलं आणि ते बंद पडलं तर खटला व्हायचा. म्हणून ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेने एक खास कायदा केला. २००० सालच्या तयारीबद्दल प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीला त्याने न्यायालयीन संरक्षण दिलं. ग्राहकाशी बोलता यावं म्हणून कायदा करावा लागतो, यावरून ती चुप्पी किती खोल रुजली होती हे कळतं. १ जानेवारी २००० ची सकाळ जवळजवळ निर्विघ्न उजाडली. दुरुस्त्या वेळेत झाल्या होत्या म्हणून ती तशी उजाडली, पण बऱ्याच लोकांनी अर्थ वेगळा काढला: सगळा बागुलबुवा होता. इशारा देणाऱ्यांची पत घसरली, ती अशा वेळी की खऱ्या इशाऱ्यांचा काळ आता कुठे सुरू होत होता.

कारण मधल्या काळात घरचे संगणक इंटरनेटला जोडले गेले होते. १९९८ मध्ये विंडोज ९८ बरोबर ‘विंडोज अपडेट’ आलं. दुरुस्ती आता तारेतून घरी येऊ शकत होती. फक्त ती घ्यायला हवी हे माणसाला माहीत असायला हवं होतं. आणि माहिती मिळवण्याचा मार्ग बहुतेकांसाठी एकच होता: ‘त्यातलं कळणारा’ एखादा भाचा, शेजारी किंवा सहकारी, आणि त्यांच्याकडून आलेला ईमेल.

२००२ च्या वसंतात असाच एक ईमेल जगभर फिरला. तुमच्या संगणकात राखाडी अस्वलाचं चित्र असलेली एक फाइल आहे का शोधा. असेल तर तो विषाणू आहे, अँटिव्हायरसला तो सापडत नाही, १४ दिवस तो गप्प बसतो, ताबडतोब काढून टाका आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोकांनी शोधलं. फाइल खरोखरच सापडली, अस्वलासकट. सापडणारच होती, कारण ती विंडोजबरोबरच येत असे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेशी संबंधित एका विकासकांच्या साधनाचा तो भाग होता. हजारो लोकांनी ती पुसली आणि पुण्य पदरी पडावं तसा निरोप पुढे धाडला. इथे विषाणू नव्हताच. निरोपच विषाणूचं काम करत होता आणि पसरवणारे सगळे सद्भावनेने पसरवत होते. या प्रकाराला हसणं सोपं आहे. पण तो निरोप पुन्हा वाचून पाहा: काय शोधायचं, कसं ओळखायचं, काय करायचं, सगळं साध्या भाषेत आणि ओळखीच्या माणसाकडून. खऱ्या कंपन्यांच्या खऱ्या सूचनांत यांतलं एकही नसे.

खऱ्या सूचनांचं काय होत होतं ते जानेवारी २००३ मध्ये दिसलं. ‘स्लॅमर’ नावाच्या वर्मने १० मिनिटांत आपल्या बहुतेक बळींना गाठलं; सुमारे ७५,००० यंत्रं त्याच्या तावडीत सापडली. सॉफ्टवेअरमधल्या ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती, म्हणजे ‘पॅच’, मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधीच, जुलै २००२ मध्ये दिली होती. पॅच होता, पत्रक होतं, लावणारं कोणी नव्हतं. तोवर पत्रकं तयार होतील तशी निघत, कधीही. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून टाकला. बातमीला वार मिळाला तशी ती लक्षात ठेवणं सोपं गेलं. चोरांनाही सोपं गेलं: मंगळवारी पॅच आला की त्याची चिरफाड करून बुधवारी फट शोधायची. यावरचा उपाय म्हणून ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने, म्हणजे दुरुस्त्यांच्या एकत्रित संचाने, अपडेट आपोआप होऊ देण्याचा आग्रह धरला.

मला वाटतं, काटा फिरला तो इथे. वापरणाऱ्याला समजावून सांगणं जमत नाही, तर त्याला न विचारताच करून टाकावं, असा निष्कर्ष उद्योगाने काढला. सुरक्षेपुरता तो चुकीचा नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. सप्टेंबर २००८ मध्ये आलेला क्रोम ब्राउझर पहिल्यापासून गुपचूप स्वतःला बदलत राहिला आणि त्यामुळे कोट्यवधी लोक त्यांच्या नकळत सुरक्षित राहिले. २०१० मध्ये त्याची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी, तर २०२१ पासून चार आठवड्यांनी येऊ लागली. या वेगात कोण काय वाचणार? मोबाइलवर ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडलं. तिथे प्रत्येक अपडेटखाली काय बदललं ते लिहायची जागा होती. सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ या प्रणालीने ॲप आपोआप अपडेट करण्याची सोय दिली, म्हणजे ती जागा बघण्याचं कारणच उरलं नाही. मग तिथे एकच वाक्य वस्तीला आलं: ‘किरकोळ दुरुस्त्या आणि कामगिरीत सुधारणा’. जगातल्या सगळ्या ॲपना एकाच वेळी एकच आजार कसा होतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि त्याच वाटेने, सुरक्षेसाठी मिळवलेली मुभा इतर कामांसाठी वापरली जाऊ लागली. २०१६ मध्ये विंडोज १० कडे लोकांना वळवणाऱ्या खिडकीवरची फुली दाबली तर ती नकार मानली जात नसे. ठरलेल्या वेळी अपग्रेड होणारच. वीस वर्षं फुलीचा अर्थ ‘नको’ असा शिकलेल्या माणसांसाठी हा सरळ विश्वासघात होता. ओरड झाल्यावर ती खिडकी बदलण्यात आली.

ॲपलचं प्रकरण याहून शांत आणि म्हणून अधिक शिकवणारं. जानेवारी २०१७ मधल्या आयओएस १०.२.१ या अपडेटनंतर जुन्या बॅटरीचे काही आयफोन मुद्दाम हळू चालवले जाऊ लागले. कारण तांत्रिकदृष्ट्या योग्य होतं: थकलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो. पण लोकांना वाटलं फोनच म्हातारा झाला, आणि त्यातल्या कित्येकांनी नवा घेतला असणार. डिसेंबर २०१७ मध्ये वेगाची चाचणी घेणाऱ्या गीकबेंचच्या आकडेवारीतून ही मंदी उघडी पडली आणि २० डिसेंबरला कंपनीने ती मान्य केली. मागोमाग माफी आली, ७९ डॉलरची बॅटरी बदली २९ वर आली, आणि मार्च २०१८ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान फोनमध्येच आलं. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला. त्याचं कारण नीट वाचण्यासारखं आहे: अपडेटमुळे फोन हळू होऊ शकतो हे ग्राहकांना सांगितलं नाही, म्हणून तो दंड झाला.

उलट टोकाचा अनुभवही याच काळातला. मे २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीविषयीचा कायदा लागू झाला तेव्हा जगभरच्या टपालपेट्या ‘आमचं धोरण बदललं आहे’ या ईमेलांनी ओसंडून वाहिल्या. सगळ्यांनी सांगितलं आणि कोणीही ऐकलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटींची खिडकी दाखवली, ८ फेब्रुवारीची मुदत घातली. अटींचा रोख मुख्यतः व्यवसायांशी होणाऱ्या संवादाकडे होता; लोकांनी वाचलं की आता आपल्या गप्पा कोणी तरी ऐकणार. लाखो लोक सिग्नल आणि टेलिग्रामकडे धावले, मुदत १५ मेपर्यंत ढकलावी लागली. पोकळी राहिली की ती अफवेने भरते, अस्वलाच्या वेळी भरली तशीच. फरक एवढाच की ईमेलची जागा फॉरवर्डने घेतली होती. ठग तर या पोकळीत आधीपासूनच मुक्कामाला होते: ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅशच्या नावाने ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे’ अशा खोट्या खिडक्या दाखवून त्यांनी वर्षानुवर्षं धंदा केला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी खरा फ्लॅश निवृत्त झाल्यावरही काही काळ तो चालू ठेवला.

गेल्या काही वर्षांत कायद्याने या गुंत्याचं एक टोक पकडलं आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडली जाणारी वस्तू विकताना तिला सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावं लागतं. पॅच कधी येईल, काय बदलेल, हे नाही. निदान कधीपर्यंत येईल ते. एका अर्थी बातमी पुन्हा खोक्याजवळ आली आहे, पैसे मोजण्याआधी. या नियमात मोबाइल आहेत, दारावरच्या घंटा आहेत, बोलके स्पीकर आहेत. टेबलावरचे संगणक आणि लॅपटॉप मात्र यातून वगळले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, तेव्हा ज्यांच्याकडे तो होता त्यांना ही बातमी पुन्हा पडद्यावर उमटलेल्या एका खिडकीतूनच कळली, आणि त्या खिडकीलाही कोपऱ्यात एक फुली होती.