वर्गातील धास्ती

वर्गातील धास्ती : वर्गात बोलावे लागेल, चुकेल, सगळे हसतील या शक्यतेनेच विद्यार्थ्याच्या मनावर व शरीरावर येणारा ताण. पोटात गोळा येणे, तळहात ओले होणे, येत असलेले उत्तर ओठांवर अडणे ही तिची ओळखीची लक्षणे. पण धास्तावलेले मूल थरथरतेच असे नाही. पेन्सिलीला सारखे टोक काढणारे, गणिताच्या तासालाच पाणी प्यायला जाणारे, ‘वही घरी राहिली’ सांगून शिक्षा पत्करणारे मूलही यातलेच. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्याला बहुधा ‘आळशी’ म्हणतात.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत जॉर्ज मँडलर व सेमूर सॅरासन या मानसशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये परीक्षेच्या चिंतेपासून सुरू केला. १९६७ मध्ये लीबर्ट व मॉरिस यांनी या चिंतेचे दोन भाग पाडले : छातीतली धडधड, घाम ही शारीरिक घालमेल आणि ‘मला जमणार नाही’ हा डोक्यातला घोष. गुणांना जास्त मारक ठरतो तो दुसरा. बेरीज करताना हातचा लक्षात ठेवायला मनात जी थोडीशी जागा असते, ती हा घोषच अडवून बसतो. म्हणून ‘घाबरू नकोस’ एवढे म्हटल्याने फारसे साधत नाही. मुलाला आपण घाबरलेलो दिसतो हे तेवढे नव्याने कळते.

शिक्षकाच्या हाती असलेला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे थांबणे. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात असे आढळले. ही वेळ ३ सेकंद किंवा अधिक केली, की उत्तरे लांबली, गप्प राहणे कमी झाले आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. ३ सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. फळ्यासमोर उभे राहून तेवढे गप्प बसणे शिक्षकाला चांगलेच जड जाते.

एकेकाने परिच्छेद वाचण्याची आपल्याकडची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. धास्तावलेली मुलगी धडा ऐकत नसते. ती बाकांवरची मुले मोजते, आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते काढते आणि त्यातला जोडाक्षरांचा शब्द मनात घोकत राहते. मधे एखादा मुलगा गैरहजर निघाला, की सगळा हिशेब कोसळतो. आदल्या दिवशीच ‘उद्या हा परिच्छेद तुझा’ असे सांगितले, तर हा मोजण्याचा उद्योग थांबतो.

मात्र अशा मुलाला कधीच उभे न करणे ही सुटका नव्हे. टाळल्याने भीती टिकते, बऱ्याचदा वाढते. सभाधीटपणा पायरीपायरीने येतो : आधी उत्तर शेजारच्या मुलाला सांगायचे, मग जागेवरून एक ओळ वाचायची, फळा शेवटी. घरी कोरकू, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पहिले उत्तर घरच्या भाषेत देऊ द्यावे; अनेकदा त्याची भीती विषयाची नसून भाषेची असते. उत्तरपत्रिका गुणांच्या उतरत्या क्रमाने, नावे पुकारत वाटण्याची सवय तर सरळ बंदच करावी.

परीक्षेपूर्वी १० मिनिटे मनातली भीती कागदावर उतरवल्याने चिंताग्रस्त विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली, असा निष्कर्ष रामिरेझ व बाइलॉक या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये मांडला. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत तो तितका ठळक दिसला नाही, तरी करून पाहायला काही खर्च नाही. श्वास सावकाश, विशेषतः उच्छ्वास लांबवून सोडल्याने घालमेल कमी होते. हा सराव रोज परिपाठाच्या वेळी झालेला असेल तरच पेपरच्या दिवशी कामी येतो.

धास्तीचे एक मोठे कारण शिक्षा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत. छडी बरीच मागे पडली. टोमणा अजून वर्गात आहे.

महाराष्ट्रात शाळेच्या भीतीचा विचार बराच आधी झाला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी (आताचा पालघर जिल्हा) येथे काम सुरू केले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातही नेली. ओळखीच्या जागी, घरच्यांच्या नजरेसमोर मूल मोकळे होते, हे त्यांनी करून दाखवले.

शाळेच्या सकाळी नेमाने पोट दुखणे, उलट्या, आठवडेच्या आठवडे शाळा नाकारणे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा दिसली, तर प्रश्न वर्गातल्या उपायांपलीकडे गेलेला असतो. अशा वेळी पालकांना विश्वासात घेऊन समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य व अहोरात्र चालू असतो. त्यावर मराठीतही बोलता येते.