टाइनम: गाव कुणाचं होतं?

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्याच्या किनाऱ्यावरच्या टाइनम पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या गावाची) नोंद १०८६ च्या डूम्सडे बुक या जमीन-पाहणीत सापडते. मधली शतकं शेती, मासेमारी आणि मुलकी कागदपत्रांत गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ सगळी जमीन एकाच घराण्याकडे होती. पुढचा वाद समजायला एवढं पुरतं.

नोव्हेंबर १९४३ मध्ये लष्कराचं पत्र आलं: रणगाड्यांच्या तोफांच्या सरावासाठी १९ डिसेंबरपर्यंत गाव रिकामं करा. मुदत जेमतेम महिन्याची. आसपासच्या वस्त्या धरून सव्वादोनशेच्या घरातली माणसं बाहेर पडली. निघताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली गेली, की घरांना जपा, आम्ही एक दिवस परतू. तीच चिठ्ठी आज पर्यटकांना आठवते.

पण परतायचं कुणी आणि कुठे? बहुतेक घरं मालकाची, राहणारी सगळी कुळं. त्यामुळे भरपाई म्हणून त्यांच्या हाती पडली ती परसातल्या भाजीपाल्याची किंमत. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरात काढल्याला कायद्यात मोल नव्हतं. १९४८ मध्ये सरकारने जमीन लष्कराकडेच ठेवायचं ठरवलं, तेव्हा विश्वासघात झाला असं गावाला वाटलं, आणि ते रास्तच होतं. मात्र हिरवंगार सुखी गाव एका फटक्यात उजाड झालं, ही गोष्ट अर्धीच खरी. मुलं उरली नाहीत म्हणून शाळा १९३२ लाच बंद पडली होती. गाव आधीपासून ओसरत होतं. लष्कराने फक्त परतीची वाट बुजवली.

पुढे १९६८ मध्ये मालकाच्या सोळाव्या शतकातल्या वाड्याचा बराचसा भाग पाडला गेला, त्याच साली गाव परत मिळवण्याची चळवळ उभी राहिली. १९७३ मध्ये एका चौकशी समितीने हा सरावपट्टा सोडावा असं सुचवलं. सरकारने पुढच्याच वर्षी ते नाकारलं. हाती आलं ते एवढंच, की तोफा बंद असतील तेव्हा, म्हणजे बहुतेक शनिवार-रविवारी, लोकांना आत सोडतात. चर्च आणि शाळेत आता प्रदर्शन आहे.

इथल्या आपल्या पूर्वजांचा माग काढणाऱ्याची खरी पंचाईत गाव रिकामं होण्याच्या आसपासच्या वर्षांत होते. १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ च्या आगीत गेले, १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. म्हणून सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही हीच गावाची शेवटची हजेरी. त्याआधीच्या बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या वह्या डॉर्चेस्टरच्या अभिलेखागारात पाहायला मिळतात. नंतरचा माग बराचसा जवळच्या वेअरहॅम या गावाकडे जातो.