नऊ इंचांचा गैरसमज

'पातं ९ इंचांपेक्षा लहान असलं की चाकू खिशात बिनधास्त ठेवा' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदी ही शस्त्र नियमांतली परवान्याची मर्यादा आहे, सरसकट मुभा नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतो तेव्हा त्यात चाकूही येऊ शकतात, आणि कलमात लांबीचा उल्लेखच नाही. सण, निवडणुका, मोर्चे. शहरांत असे आदेश सतत निघतात. विमानाच्या केबिन बॅगेत तर छोटाही चालत नाही.

तसंही पार्सलची दोरी नि सफरचंद कापायला मिटल्यावर ९१ मिमी लांब असलेल्या स्विस चाकूचं जेमतेम ७ सेंमीचं पातं पुरतं. मोठा हवाच असेल तर तो शेतावर ठेवा. ऑफिसला जाताना कशाला?